नेपाळचा मुकुट आणि आपली मायबोली

गेल्या बैठकीत आपल्या मंडळापुढे एक ठराव आला. नेपाळात राजेशाही परत यावी, जगातले एकमेव हिंदू राष्ट्र पुन्हा उभे राहावे, या मागणीला मंडळाने पाठिंबा द्यावा आणि तसे पत्र मंडळाच्या नावाने काढावे, असा त्याचा मजकूर. चर्चा तापली, वेळ संपली आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. ठराव मांडणारी मंडळी आपलीच आहेत. त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही या ठरावाला आमचा विरोध आहे. तो का, हे बैठकीपूर्वी सर्व सभासदांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आधी जिव्हाळ्याची गोष्ट. आपण ग्वाल्हेरची माणसे. नेपाळ आपल्याला परका नाही. राजमाता विजयाराजे यांचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातले. १९६६ साली कै. माधवराव शिंदे यांचा विवाह झाला तोही राणा घराण्यातच. या नात्याचा मान आम्हालाही आहे. पण राजमातांचे बालपण सागरला आजोळी का गेले, हे कोणी विचारतो काय? त्यांचे आजोबा खड्ग शमशेर हे तिथे परागंदा होऊन राहत होते. १८८५ साली शमशेर बंधूंनी आपल्या सख्ख्या चुलत्याची, पंतप्रधान रणोद्दीप सिंह यांची हत्या करून सत्ता घेतली. खड्ग शमशेर त्या बंधूंपैकीच एक. दोन वर्षांत थोरल्या भावाने त्यांनाही बाजूला केले. ज्या दरबाराचे गुणगान आपण गातो, त्या दरबाराची रीत ही होती.

ती रीत त्याहून जुनी आहे. १८४६ च्या सप्टेंबरात काठमांडूच्या कोतात एका रात्रीत दरबारातील बडे सरदार कापले गेले आणि जंगबहादूर पुढे आला. तिथून १९५१ पर्यंत, एकशेचार वर्षे, राजा नावाचा आणि राणा कामाचा. याच जंगबहादूराने १८५८ साली हजारो गोरखा शिपाई घेऊन लखनौ इंग्रजांना जिंकून दिले. बक्षीस म्हणून पश्चिम तराईचा मुलूख १८६० साली परत मिळवला. पेशव्यांचे नाव ज्या घरांत आजही आदराने घेतले जाते, त्यांनी हे विसरू नये. बेगम हजरत महल आणि नानासाहेबांच्या घरच्या स्त्रिया यांना नेपाळात थारा मिळाला हे खरे. पण बंडवाल्या फौजेला मिळाला नाही. तराईच्या रानात शिरलेले नानासाहेब पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

आता ‘एकमेव हिंदू राष्ट्र’ या शब्दांकडे येऊ. नेपाळच्या राज्यघटनेत हे शब्द केव्हा आले? फार प्राचीन काळी नव्हे, १९६२ साली. त्याच्या आधीचे पाहा. १९५९ मध्ये तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १०९ पैकी ७४ जागा नेपाळी काँग्रेसला मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षात, १५ डिसेंबर १९६० रोजी, राजे महेंद्र यांनी लष्कर पाठवून त्यांना पकडले, संसद मोडली आणि पक्षांवर बंदी घातली. कोइराला आठ वर्षे तुरुंगात राहिले. लोकांनी निवडून दिलेले सरकार मोडल्यावर पंचायत व्यवस्थेची घटना आली आणि त्या घटनेत ‘हिंदू राजेशाही राज्य’ हे शब्द लिहिले गेले. ज्यांनी निवडून दिले त्या प्रजेतही बहुसंख्य हिंदूच होते. म्हणजे मोडले कोणाचे मत? हिंदूंचेच. धर्माला मुकुटाचे संरक्षण मिळाले असे आपण समजतो. आमच्या मते मुकुटाने धर्माची ढाल केली.

पण आमचा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो थेट आपल्या काळजाशी भिडणारा आहे. त्या राज्यात मायबोलीचे काय झाले?

काठमांडू खोऱ्यातील नेवार लोकांची नेपाळ भाषा ही शतकानुशतकांच्या लेखनाची भाषा. १७६८-६९ मध्ये पृथ्वीनारायण शाह यांनी खोरे जिंकले आणि हळूहळू ती सरकारदरबारातून हद्दपार झाली. राणांच्या अमदानीत त्या भाषेत लिहिणे हाच गुन्हा ठरला. कवी चित्तधर ‘हृदय’ १९४१ मध्ये तुरुंगात गेले आणि तिथे पहारेकऱ्यांची नजर चुकवून, मिळेल त्या कागदावर त्यांनी बुद्धचरित्राचे महाकाव्य लिहिले. कवी सिद्धिचरण श्रेष्ठ यांच्याही नशिबी तुरुंगच आला. राणा गेले, पण पंचायतीच्या काळात ‘एक भाषा, एक वेश’ हेच सरकारी ब्रीद झाले. १९६५ साली रेडिओ नेपाळवरील नेपाळ भाषेच्या बातम्या बंद झाल्या. त्याच फटक्यात हिंदीच्याही बंद झाल्या! हिंदी ही तराईतल्या लाखो हिंदूंची व्यवहारभाषा. त्यांनाही त्या ‘हिंदू राष्ट्रा’त आपल्या भाषेत बातमी ऐकू दिली गेली नाही.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषांची नोंद आहे. नेपाळी ज्यांची मातृभाषा आहे असे लोक सुमारे ४५ टक्के. उरलेल्या निम्म्याहून अधिक जनतेला सांगितले गेले की तुमची बोली घरात ठेवा, शाळेत आणि कचेरीत आणू नका. वाचकहो, हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखे वाटते ना?

१९९६ च्या फेब्रुवारीत माओवाद्यांनी सरकारपुढे ४० मागण्या ठेवल्या. राजघराण्याचे विशेषाधिकार जावेत ही त्यांतली एक. सर्व भाषांना समान स्थान आणि मातृभाषेतून शिक्षण, हीही एक. काही दिवसांत, १३ फेब्रुवारीला, युद्ध पेटले. ते २००६ च्या नोव्हेंबरपर्यंत चालले आणि सतरा हजारांच्या आसपास माणसे गेली. माओवाद्यांची तळी उचलण्याचे आम्हाला कारण नाही. त्यांनी शिक्षक मारले, कोवळी पोरे बंदुकीला जुंपली. त्या रक्ताला क्षमा नाही. पण काठमांडूच्या भैरवनाथ बराकीतून २००३ मध्ये जे बंदी नाहीसे झाले ते राजाच्या लष्कराच्या ताब्यातले होते, हेही विसरता येत नाही. रोल्पा-रुकुमच्या डोंगरांतले मगर तरुण बंदूक का उचलतात, याचे उत्तर केवळ ‘परकीय हात’ असे देणे म्हणजे घर पेटल्यावर शेजाऱ्याच्या चुलीकडे बोट दाखवणे होय.

आणि शेवटचा घाव राजाने स्वतःच घातला. १ जून २००१ च्या राजवाड्यातील हत्याकांडानंतर गादीवर आलेल्या ज्ञानेंद्रांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सगळी सत्ता हाती घेतली. २००६ च्या एप्रिलमध्ये एकोणीस दिवस लोक रस्त्यावर उतरले. २८ मे २००८ रोजी संविधानसभेत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली. पाचशे साठ विरुद्ध चार! याला कारस्थान म्हणणाऱ्यांनी आकडा पुन्हा वाचावा.

ठरावाच्या बाजूने एक बिनतोड वाटणारा मुद्दा मांडला जातो. प्रजासत्ताकाने तरी काय दिवे लावले? खरे आहे. २००८ पासून तिथे डझनाहून अधिक वेळा सरकारे बदलली. भ्रष्टाचाराला ऊत आला. २०२५ च्या सप्टेंबरात तरुण पिढी रस्त्यावर आली, गोळीबार झाला, सत्तरांहून अधिक जीव गेले आणि सरकार कोसळले. पण पुढे काय झाले तेही पाहा. गादीवर कोणी राजा आला नाही. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे अंतरिम कारभार आणि पुढे निवडणूक, असाच मार्ग निघाला. सून वाईट निघाली म्हणून कोणी सासुरवास परत मागत नाही.

त्या प्रजासत्ताकाच्या पदरी एक जमेची बाजू निश्चित आहे. १९९९ मध्ये, राजेशाही असतानाच, काठमांडू नगरपालिकेत नेपाळ भाषा वापरण्यास तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. २०१५ च्या घटनेने देशातील सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषेचा दर्जा दिला आणि प्रांतांना आपल्या भाषा कामकाजात आणण्याची वाट मोकळी केली. अंमलबजावणी तोकडी आहे, पण कागदावर हक्क तरी आला.

आता आपल्याकडे वळू. आपले मंडळ दरवर्षी बेळगावच्या बांधवांसाठी ठराव करते. बहुसंख्यांच्या राज्यानेही अल्पसंख्यांची शाळा, पाटी, परिपत्रक हिरावून घेऊ नये, असे आपण त्यात म्हणतो. भारतीय घटनेच्या कलम ३५० अ चा, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा, आधार घेतो. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद इथे आपली नातवंडे मराठी वाचेनाशी झाली म्हणून हळहळतो. त्याच मंडळाच्या कागदावर, त्याच शिक्क्याखाली, ज्या गादीने दुसऱ्यांच्या मायबोलीचा गळा दाबला ती परत यावी असे पत्र कसे निघणार? बेळगावात जो अन्याय, तो काठमांडूत पुण्यकर्म ठरतो काय?

पशुपतिनाथावर श्रद्धा ठेवायला राजा लागत नाही. २००८ नंतरही तिथे महाशिवरात्रीला गर्दी तशीच लोटते. नात्यातल्या माणसांना प्रेमाने भेटावे, त्यांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे. त्यालाही ठराव लागत नाही.

म्हणून आमची सभासदांना आग्रहाची विनंती आहे. पुढच्या बैठकीस अवश्य यावे आणि हा ठराव एकमताने मागे घ्यावा. ठराव करायचाच असेल तर असा करावा की, कोणत्याही देशात, कोणत्याही धर्माच्या राज्यात, माणसाची मायबोली शाळेतून आणि कचेरीतून हाकलली जाऊ नये. त्या कागदावर सर्वांत आधी सही आम्ही करू.