कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरी वापरणाऱ्याने नावनोंदणी केली, तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेपुरते अपडेट मिळतात. पुढे तेही नाहीत. विंडोज ११ टाकायचे म्हटले, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्या चिंचपाड्यात आणि नवापूर तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांत शाळेत, ग्रामपंचायतीत, घरात जे कॉम्प्युटर आहेत, त्यांतले बरेचसे या परीक्षेत नापास होतात. माझे स्टेशनजवळ झेरॉक्स-टायपिंगचे दुकान आहे, त्यामुळे लोक मलाच विचारतात, "भाऊ, आता हा भंगारात द्यायचा का?"

नको. आणि कोणाकडून तरी 'क्रॅक' मारलेले विंडोज ११ही टाकून घेऊ नका. त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाका, त्यात लिब्रेऑफिस हे लिहिण्या-हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्या आणि ते निदान आणखी काही वर्षे वापरा. एक पैसा न भरता आणि चोरी न करता हे होते.

माझ्या दुकानातली कामे काय असतात? जातीच्या दाखल्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वनहक्काच्या दाव्याला जोडायचे पत्र, ग्रामसभेचा ठराव, लग्नसराईत पत्रिका. यातल्या कशालाच महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्राउझर, मराठी टायपिंग, बेरजा करणारा तक्ता आणि पीडीएफ एवढे असले, की दिवस निघतो.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत; नवख्या माणसाने लिनक्स मिंटपासून सुरुवात करावी. मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच असतो, त्यामुळे हात बावचळत नाही. त्याची २२ क्रमांकाची मालिका २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तरच मजा आहे. मशीन फार थकलेले असेल, तर मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तर वेगात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. काहीही न पुसता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते कळते. पटले तरच टाका, आणि टाकण्यापूर्वी फोटो-फाइली बाहेर काढून घ्या.

एक बातमी जुन्या मशीनवाल्यांसाठी. लिनक्सचाच दुसरा प्रकार असलेल्या डेबियनच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीने ३२-बिट कॉम्प्युटरवर नव्याने इन्स्टॉल करायची सोय बंद केली आणि फायरफॉक्स ब्राउझरनेही लिनक्सवरचा ३२-बिटचा आधार आवरता घेतला. पण घाबरण्याआधी तपासून घ्या. विंडोज ३२-बिट टाकलेले असले तरी आतला प्रोसेसर बहुधा ६४-बिटच निघतो. कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट आहे.

दुसरी गोष्ट ओपनऑफिस या जुन्या मोफत सॉफ्टवेअरची. अजूनही काही जण तेच शोधून उतरवतात. सप्टेंबर २०१०मध्ये त्याचे बरेचसे कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केले. ओपनऑफिसची ४.१ ही मालिका २०१४ची, त्यानंतर तिथे फक्त डागडुजी होते. लिब्रेऑफिसची मात्र वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. तेच घ्या.

आता मराठीचे. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरे तशीच राहतात, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि पुढे मराठी निवडा. त्यानंतर देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवता येतो. भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवली, की नोटो सान्ससारखे फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. पत्रिकेसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे खुले फॉन्ट आहेत, धंद्यात वापरले तरी कोणी परवाना विचारत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'दऱ्या' लिहिताना अडणाऱ्यांसाठी: शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी दाबून पाय मोडा, मग य. हिशेबात बारा लाख पन्नास हजार हे १२,५०,००० असे दिसायला हवे असतील, तर कॅल्क या लिब्रेऑफिसच्या तक्त्यात नंबर फॉरमॅटला #,##,##0 असे लिहा. आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून 'ऑटोरिकव्हरी'ची वेळ दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणा.

आमच्या भागात घरात मावची बोलतात. मावचीतले शब्द टाइप केले, की मराठीची तपासणी त्यांच्याखाली लाल रेघ ओढते. लिब्रेऑफिसमध्ये स्वतःची शब्दयादी तयार करता येते. एखाद्या शिक्षकाने ती जमवली, तर पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या शाळेत देता येते. उद्या कोणी पुढे आले, तर मावचीचा पुरता शब्दकोशही त्यात घालता येईल, कारण या सॉफ्टवेअरचे आतले काम सगळ्यांसाठी उघडे आहे. एवढ्या लहान भाषेसाठी धंदा बघणारी कंपनी का खपेल?

जिथे हे चालत नाही, तेही सांगतो. टॅलीवाल्यांनी विंडोजच ठेवावे. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, डिजिटल सहीचे टोकन यांची कामे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीही एक विंडोज मशीन राखावे. मीही राखले आहे. काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर रडवतात, म्हणून नवा घेताना आधी चौकशी करा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांचे ड्रायव्हर आयते मिळतात.

पण खरी अडवणूक होते ती सरकारी टेबलापलीकडून. अर्जाचा नमुना येतो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या वर्ड फाइलमध्ये. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही अक्षरांची भेळ दिसते, आणि दोष जातो लिनक्सवर. लिब्रेऑफिसची मूळ ओडीएफ फाइल नेली, तर साहेबांकडे ती चालत नाही; ही फाइल २००६पासून आयएसओचे मान्य प्रमाण आहे, तरीही. केंद्र सरकारने २०१५मध्येच ओपन सोर्सला, म्हणजे अशा उघड्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देण्याचे धोरण काढले. केरळने तर त्याआधीच शाळांमध्ये ते करून दाखवले होते. तिथली मुले लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर नेण्याचे ठरवले.

आपल्याकडे शिकण्याचे साधन नाही असेही नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत, मोफत. आश्रमशाळेतल्या शिक्षकांना ते ठाऊकच नसतात.

म्हणून जिल्हा परिषदेकडे आणि आदिवासी विकास विभागाकडे माझी मागणी साधी आहे. कॉम्प्युटर निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत टाकण्याआधी तो लिनक्सवर चालतो का, हे बघून तसा शेरा मारावा. प्रत्येक अर्जाचा नमुना युनिकोडमध्ये, पीडीएफ आणि ओडीएफ अशा दोन्ही रूपांत द्यावा. आणि शाळेसाठी नवी खरेदी करताना सॉफ्टवेअरचे पैसे आधी एसएसडी आणि रॅमवर घालावेत. एवढे झाले, तर आठवीतल्या मुलीला सरावासाठी कॉम्प्युटर मिळेल. तेच सॉफ्टवेअर तिला घरच्या जुन्या मशीनवरही टाकता येईल आणि त्यासाठी कोणाकडे चोरीची सीडी मागावी लागणार नाही.