पोतदाराविना बाजार

सप्टेंबर २०२४ मध्ये अहमदाबादेत घडलेल्या एका प्रकाराने वृत्तपत्रांच्या वाचकांची बरीच करमणूक केली. तेथील एका सराफी व्यापाऱ्याकडून दोन किलोंहून अधिक सोने घेऊन ठकांनी त्याचे मोल म्हणून नोटांची पुडकी हवाली केली. पुडकी सोडून पाहता नोटांवर महात्मा गांधींच्या जागी अभिनेते अनुपम खेर यांची छबी निघाली आणि बँकेचे नाव ‘रिझोल बँक ऑफ इंडिया’ असे छापलेले आढळले. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतील एका बँकेच्या यंत्रातूनच ‘चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया’च्या दोन हजारांच्या नोटा बाहेर पडल्या होत्या. खेळण्यातली नोट सराफाच्या व्यवहारात आणि बँकेच्या यंत्रात खपून जावी, ही गोष्ट हसण्याजोगी खरीच. परंतु पारख करणे हाच ज्यांचा धंदा, ते जेथे फसतात तेथे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा मांडून बसलेल्या बाईने हातातली नोट खरी की खोटी हे क्षणात ओळखावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो, हा प्रश्न हसू ओसरल्यावर उरतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४-२५ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी बँकांत आढळलेल्या बनावट नोटांची संख्या सुमारे २ लाख १७ हजार होती. त्यांपैकी पाचशेच्या नोटा सुमारे १ लाख १८ हजार. आदल्या वर्षी त्या सुमारे ८६ हजार होत्या. देशात फिरणाऱ्या अब्जावधी नोटांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल. पण पोलिसांनी पकडलेल्या नोटा त्यात धरलेल्या नाहीत, आणि ज्या नोटा बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचल्याच नाहीत त्यांची मोजदाद कोणीच करू शकत नाही. बाजारातून बाजारात हिंडणारी खोटी नोट बहुधा या न मोजलेल्यांतली असते.

खोट्या नोटेचे अर्थशास्त्र एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘मोड’ हा होय. बनावट नोट खपविणारा माणूस मोठ्या खरेदीच्या वाटेला सहसा जात नाही. तो शहाळे घेतो, सोलकढीची बाटली घेतो, फार तर पावशेर सुकट घेतो आणि पाचशेची नोट पुढे करतो. समजा शहाळे साठ रुपयांचे आहे. त्याला शहाळ्याची गरज नसते. त्याला हवे असतात ते परत मिळणारे चारशे चाळीस खरे रुपये. विक्रेत्याचे शहाळेही गेले आणि गल्ल्यातली दिवसभराची मोडही गेली. म्हणूनच खोटी नोट आणि मोठी नोट हे दोन वेगळे प्रश्न मानण्याची आपली सवय चुकीची आहे. किरकोळ खरेदीसाठी भली मोठी नोट पुढे करणे हा ज्या बाजारात नित्याचा शिष्टाचार होऊन बसला आहे, त्या बाजारात खोटी नोट खपविणाऱ्याला वेगळी युक्ती योजावी लागत नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या सवयीतच त्याला आयता आडोसा मिळतो.

रायगडच्या किनाऱ्यावर हा आडोसा विशेष दाट आहे. शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर लाँचा आणि २०२० पासून रो-रो बोट माणसे आणि मोटारी उतरवीत असतात. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन येथपर्यंत पसरणारे हे गिऱ्हाईक एकदा येते आणि जाते. गावच्या वाण्याला आपले गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक असते; नोट खोटी निघाली तर उद्या त्याच्या दारी जाता येते. येथे नोट देणारा माणूस संध्याकाळी खाडीपलीकडे गेलेला असतो. त्याच्या खिशात बँकेच्या यंत्रातून शुक्रवारी काढलेल्या पाचशेच्या नोटा असतात आणि शहरातून निघताना सुटे घेऊन निघावे, असे त्याच्या मनातही येत नाही.

कोळणीची स्थिती तर याहून अवघड. तिचा माल नाशवंत आहे. सकाळी पापलेटाचा भाव ती सांगते, दुपारी गिऱ्हाईक सांगते. बर्फ वितळू लागला की तिची घासाघीस करण्याची ताकदही वितळते आणि समोरचा हे जाणून असतो. अशा वेळी मोठी नोट पुढे आली तर तिला तीनच वाटा असतात. नोट नाकारावी तर गिऱ्हाईक जाते. शेजारणीकडून मोड आणावी तर तिचे उपकार होतात आणि पाटी तेवढा वेळ उघडी राहते. निमूटपणे नोट घ्यावी तर ती खोटी असण्याची जोखीम पत्करावी लागते. पाचशेच्या नोटेतील सुरक्षा-धागा तिरका धरला म्हणजे हिरव्याचा निळा दिसतो, उजवीकडचा आकडाही तसाच रंग पालटतो, गांधीजींचे चित्र बोटाला उठावदार लागते आणि कडेला पाच तिरप्या रेघा असतात, हे सारे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेले आहे. माहिती उत्तम आहे. पण ज्याचे हात कोरडे, ज्याला उजेड पुरेसा आणि ज्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग नाही अशा माणसासाठी ती लिहिलेली दिसते. मासळीच्या पाण्याने भिजलेल्या, खवल्यांनी चिकटलेल्या बोटांना कागदाचा उठाव कसा कळावा? नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी तर एकच आहे आणि लांबीत चार-चार मिलिमीटरांचाच फरक आहे, हे अंध बांधवांचे दुखणे आणखी वेगळे.

आपल्या जुन्या व्यवस्थेत नाणे पारखण्याचे काम ज्याच्या-त्याच्या माथी मारलेले नव्हते, याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. पोते म्हणजे सरकारी खजिना आणि त्यात येणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. हा अधिकार पुढे आडनाव होऊन बसला. आंग्र्यांच्या अमलात या किनाऱ्यावर अलिबागी रुपया चालत असे, देशावर कुठे अंकुशी, कुठे चांदवडी. रायगडावर १६७४ साली झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेली तांब्याची शिवराई तर इंग्रजी अमलातही लोकांच्या कनवटीला होती. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवावयाचा तर सराफ त्याचा कस पाहून बट्टा कापून घेई. हा बट्टा जाचक होता आणि त्यात सराफांनी लोकांना नाडले, हेही खरे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. पण पारखण्याला खर्च येतो आणि तो कोणी तरी उघडपणे सोसला पाहिजे, एवढे तरी त्या व्यवस्थेने मान्य केले होते. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया सर्वत्र केला, १८४० मध्ये कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, आणि बट्टा दिसेनासा झाला. दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला असे मात्र नाही. आता तो कोळीण भरते.

मोठ्या नोटांच्या बाबतीत सरकारी विचार नेहमी काळ्या पैशाच्या अंगाने चालतो, मोडीच्या अंगाने क्वचितच. जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, तेव्हा एकूण चलनाच्या दोन टक्केही त्यांत नव्हते. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील शेतकऱ्याने किंवा शिक्षकाने तशी नोट बहुधा डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती. त्याचा बाजार दुसऱ्या दिवशी होता तसाच भरला. ८ नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट निराळी. त्या रात्री रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटांत देशातील चलनाचे सुमारे ८६ टक्के मूल्य होते. त्याहून मोठी चूक पुढची होती. सर्वांत आधी लोकांच्या हाती आली ती दोन हजारांची नोट. तिच्याखालची मुबलक नोट शंभराची, म्हणजे मधले अंतर वीस पटींचे! चलनाच्या पायऱ्या दुपटीच्या किंवा अडीच पटींच्या असाव्यात, एक-दोन-पाच, दहा-वीस-पन्नास, हा काही पुस्तकी हट्ट नव्हे. मोड देता यावी म्हणून व्यवहाराने शोधलेला तो नियम आहे. तो मोडल्यावर खरीखुरी, सरकारी शिक्क्याची नोटसुद्धा बाजारात खोट्या नोटेसारखी वागू लागते, कारण ती कोणी घेईना. नोटेचा आकार बदलल्यामुळे बँकांची यंत्रे जुळवून घेण्यासाठी तंत्रज्ञ गावोगाव धावले. कांदेवालीच्या गल्ल्याला जुळवून घेण्यासाठी कोणी आले नाही. दोनशेची नोट निघाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये.

मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट मागे घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले आणि मोठ्या नोटेचा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. वस्तुतः मार्च २०२५ अखेर एकट्या पाचशेच्या नोटेत चलनाचे ८६ टक्के मूल्य होते. म्हणजे २०१६ साली दोन नोटांनी मिळून उचललेला भार आज एक नोट उचलते आहे. बनावट नोटा छापणाऱ्याला कोणती नोट छापावी याचा फार विचार करावा लागत नाही, तो यामुळेच. कायद्यातही एक गमतीची विषमता आहे. एक रुपया आणि त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत, अशी मर्यादा २०११ च्या नाणे कायद्याने घातली आहे. घेणाऱ्यावर चिल्लरीची गोणी ओतली जाऊ नये, ही त्यामागील काळजी. पण तीस रुपयांच्या मालापोटी पाचशेची नोट पुढे करणाऱ्याला तशी कोणतीच मर्यादा नाही. अर्थात मोड द्यावीच असे दुकानदाराला बांधणारे कलमही रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात नाही. हा तिढा एस. टी.च्या वाहकाने आपल्या परीने सोडविला होता: तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम लिहून द्यावयाची. वाहकाची गाडी आणि आगार ठाऊक असते म्हणून ते चालले. पर्यटकाच्या बाबतीत ते कसे चालावे?

आता खोटी नोट ज्याच्या हाती उरते त्याचे काय होते ते पाहावे. तो ती बँकेत घेऊन गेला तर बँकेने तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करावी आणि पोचपावती द्यावी, असा नियम आहे. नोट परत मिळत नाही आणि तिचे मूल्यही जमा होत नाही. एका वेळी चारपर्यंत नोटा असल्या तर पोलिसांकडे महिन्याचा एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा अधिक असल्या तर गुन्हा नोंदविला जातो. उलट, नोट खोटी आहे हे कळल्यावर त्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली तर भारतीय न्याय संहितेच्या १७९ व्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा बरोबर आहे. पण दिवसाला पाच-सहाशे रुपये सुटणाऱ्या माणसाला तो जे सांगतो ते असे, की तुझी एका दिवसाची कमाई स्वतःच्या हाताने बुडव आणि वर पोलिसांच्या कागदात तुझे नाव येण्याची धास्तीही बाळग. मग ती नोट संधिप्रकाशात, गर्दीच्या वेळी, दुसऱ्या नोटांच्या घडीत पुढे सरकते, यात नवल काय? त्याला दोष द्यावयाचा तर अवश्य द्यावा. पण खरे बोलण्यावर पाचशे रुपयांचा कर आणि गप्प बसण्यावर कर माफ, अशी रचना आपणच केलेली आहे.

या रचनेत एक लहानशी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. जो लहान विक्रेता स्वतः होऊन खोटी नोट बँकेत देईल, त्याला वर्षातून एका नोटेपुरती पूर्ण भरपाई त्याच्या खात्यात मिळावी. याला लगेच आक्षेप येईल की भरपाई मिळते म्हटल्यावर लोक नोटा पारखणे सोडतील आणि छापणारे आपला माल बँकेतच आणून खपवतील. आक्षेप गंभीर आहे. म्हणूनच वर्षातून एक ही मर्यादा. माणशी वर्षाला एक नोट खपवून कोणताही छापखाना चालत नाही, आणि दुसऱ्या नोटेची भीती कायम राहिल्याने काळजीही सुटत नाही. खर्चाचा हिशेब तर फारच सोपा आहे. २०२४-२५ मध्ये बँकांत आढळलेल्या पाचशेच्या सर्व बनावट नोटांचे दर्शनी मूल्य सहा कोटी रुपयांच्या आत येते. त्याच वर्षी नोटा छापण्यावर रिझर्व्ह बँकेने सुमारे ६,३७३ कोटी रुपये खर्च केले आणि केंद्र सरकारला दिलेले अधिशेष २ लाख ६८ हजार ५९० कोटींचे होते. तो सारा नफा चलन काढण्याच्या मक्तेदारीतून आलेला नाही हे मान्य; पण ती मक्तेदारी राज्यसंस्थेची आहे आणि तिचा लाभही राज्यसंस्थेला मिळतो. छपाईच्या खर्चाच्या हजाराव्या भागाएवढी रक्कम चलनाच्या विश्वासार्हतेवर खर्च करणे हा काही दानधर्म ठरत नाही. भरपाई सुरू झाली तर सापडणाऱ्या नोटांचा आकडा वाढेल. तो वाढू द्यावा. आज हातोहात फिरणाऱ्या नोटा त्यामुळे उजेडात येतील आणि त्या कोणत्या बाजारात, कोणत्या आठवड्यात शिरल्या हे पोलिसांना कळेल.

भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून हा सारा ऊहापोह कालबाह्य झाला, असे आमचे विद्यार्थी म्हणतात. मोडीपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. साठ रुपयांना साठच रुपये जातात. पण पारखण्याचे ओझे तेथेही विक्रेत्यावरच आहे. पैसे पाठविल्याचे खोटे चित्र पडद्यावर दाखवून निघून जाणारी माणसे आता निघाली आहेत. कोळणीचे खाते पुष्कळदा मुलाच्या फोनला जोडलेले असते आणि मुलगा दर्यावर असतो. रक्कम बोलून दाखविणारी पेटी स्टॉलवर असली तरी किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात आणि तुटक्या संपर्कात ती बोलेल तेव्हा खरी.

एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेश दिला, की पैसे देणाऱ्या यंत्रांपैकी ७५ टक्के यंत्रांतून त्या सप्टेंबरअखेर आणि ९० टक्के यंत्रांतून मार्च २०२६ अखेर शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. आदेश चांगला आहे. पण यंत्रात एक कप्पा शंभराचा असणे आणि शनिवारी सकाळी तो भरलेला असणे यांत फरक आहे. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन येथील शाखांनी दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्यांपूर्वी कप्पे कोणत्या नोटांनी भरले, हे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला एका कागदावर मागविता येईल. मासळी बाजारात आणि मांडव्याच्या धक्क्यावर नोटा तपासण्याचा एक दिवा लावावयाचा तर नगरपालिकेच्या किंवा बंदराच्या खर्चात तो दिसणारही नाही.