देवाचा दरबार आणि 'लहरी' टिळकांची दंतकथा

१/ रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक कथा फिरते. आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला, त्याने बायबल दिले, टिळक ख्रिस्ती झाले. पुढे १९१७ मध्ये कवीला लहर आली, त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला. दोन वर्षांत टिळक गेले, दरबारही विरला. कथा रंजक आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही.

२/ ती टिकून राहिली, कारण ती दोन्ही पक्षांच्या सोयीची आहे. भाविकाला तीत चमत्कार सापडतो, टीकाकाराला मिशनऱ्यांचे जाळे. दोघांच्याही कथनात टिळक स्वतः काहीच ठरवीत नाहीत. त्यांच्याबाबतीत सारे 'घडते'. संस्कृत जाणणाऱ्या, वेदवाङ्मयावर काम केलेल्या एका विचारी माणसाची बुद्धी अशा रीतीने दोन्हीकडून काढून घेतली जाते.

३/ मराठी ख्रिस्ती परंपरेत ईश्वराच्या बोलावण्याला 'पाचारण' म्हणतात. पाचारण क्षणात ऐकू येत असेल. पण ते खरोखरच पाचारण आहे की आपल्याच महत्त्वाकांक्षेचा प्रतिध्वनी, हे पारखायला वेळ लागतो. बाप्तिस्मा आणि दरबार यांच्यामध्ये टिळकांची बावीस वर्षे गेली. त्या वर्षांचा हिशेब न मांडता त्यांना लहरी ठरवणे अन्यायाचे आहे.

४/ या समजाचा उगम बहुधा 'स्मृतिचित्रे'च्या उथळ वाचनात आहे. लक्ष्मीबाईंचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. हाती आलेला पैसा वाटून टाकणारे, संसाराचा भरवसा न देणारे टिळक त्यात ठायी ठायी भेटतात. पण घरखर्चात बेहिशेबी असलेला माणूस धर्मचिंतनातही बेहिशेबीच असणार, हे अनुमान लक्ष्मीबाईंचे नाही. ते वाचकांनी त्यांच्या माथी मारले आहे.

५/ आता क्रम पाहावा. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे टिळकांचा जन्म झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वेदवाङ्मयाचे काम केले. जातिभेदाने पोखरलेल्या धर्माविषयीचे असमाधान याच काळात तीव्र झाले, आणि टिळक स्वतःच एका नव्या धर्माची तत्त्वे मांडू लागले. आगगाडीतील भेट याच्या नंतरची आहे.

६/ हा क्रम निर्णायक आहे. धर्मसंस्थापनेची आकांक्षा टिळकांना ख्रिस्ती होण्याआधीपासून होती, आणि काळही तिला अनुकूल होता. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज, १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. लहरी माणसाने अशा वेळी आपला पंथ काढला असता आणि त्याला अनुयायीही मिळाले असते. टिळकांनी ती आकांक्षा बाजूला ठेवून दुसऱ्यांनी उभारलेल्या मंडळीत सेवक म्हणून प्रवेश केला.

७/ तो प्रवेशही एका भेटीत झाला नाही. १८९३ च्या सुमारास नागपूर ते राजनांदगाव प्रवासात 'नवा करार' हाती आला. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याला झाला. मधल्या काळात वाचन, मनन आणि नाव लपवून केलेला पत्रव्यवहार आहे. बाप्तिस्माही त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याऐवजी तुकाराम नथोजी या मराठी पाळकांच्या हातून घेतला. १९१७ चा प्रश्न येथे बीजरूपाने दिसतो: मराठी मंडळीचा कारभार कोणाच्या हाती असावा?

८/ या निर्णयाची किंमत घरात मोजावी लागली. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या परतल्यावरही पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीने तत्काळ धर्म बदलला, असे घडले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या विचारांती झाला. श्रद्धा दुसऱ्यावर लादता येत नाही, हा धडा टिळकांना स्वतःच्या घराने दिला. पुढच्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते, याचा विचार करताना हा धडा विसरता येत नाही.

९/ नंतरची वर्षे मुख्यतः अहमदनगरची. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शेकडो गीते त्यांनी रचली आणि अभंग-ओवीचा घाट उपासनेत रुजवला. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनी पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. समूह काय गातो, खेड्यातील श्रोत्याला कोणती उपमा कळते, हे त्यांना या कामातून कळले. मंडळी उभारण्याची तयारी म्हणतात ती हीच.

१०/ असमाधान मात्र वाढत होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले होते. शंभर वर्षे उलटली तरी मिशनची तिजोरी आणि अंतिम निर्णय परदेशी मंडळाच्या हाती राहिले. ही खंत एकट्या टिळकांची नव्हती. मद्रासमध्ये १८८६ साली डॉ. पुलनी अँडी यांनी, कलकत्त्यात १८८७ साली कालीचरण बॅनर्जी यांनी देशी मंडळीचे प्रयोग केले होते. अँग्लिकन मंडळीला पहिला भारतीय बिशप, व्ही. एस. अझरायाह, १९१२ मध्ये मिळाला.

११/ १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसंघ होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तोडलेला संबंध मिशनच्या नोकरीशी होता, ख्रिस्ताच्या मंडळीशी नव्हता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, उतारवयात, हक्काचा पगार सोडणे ही लहर म्हणायची असेल, तर शब्दकोशच बदलावा लागेल.

१२/ दरबारावरचा गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळू नये. नगर भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग जातींतून आलेला होता. त्यांनी गावात उघडपणे ख्रिस्ती नाव घेतले आणि त्याचे परिणामही सोसले. मग बाप्तिस्मा न घेता, जातीतील स्थान राखून 'शिष्य' होण्याची मोकळीक उच्चवर्णीयांच्याच सोयीची ठरत नाही का? प्रश्न रास्त आहे. टिळकांनी ही किंमत स्वतः चुकवली होती, एवढे उत्तर पुरेसे नाही. कारण त्यांची किंमत इतरांच्या खात्यात जमा होत नाही.

१३/ दुसरी उणीव अधिक ठळक आहे. टिळकांनी स्वतःची तयारी बावीस वर्षे केली. दरबाराच्या पुढच्या पिढीच्या तयारीला दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एका व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीबरोबर मावळते. टीका करायची तर या ठिकाणी करावी. 'लहरी' हे विशेषण लावले की ही खरी टीकासुद्धा करता येत नाही.

१४/ तरीही 'सारे विरले' हे विधान चुकीचे आहे. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये भारतीय आश्रमपद्धतीचा 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापला आणि १९२३ मध्ये टिळकांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये याच संघात दाखल होण्यासाठी व्हेरिअर एल्विन भारतात आले. टिळकांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते आजही गायली जातात.

१५/ हा वाद एका कवीच्या स्वभावापुरता नाही. टिळक लहरी ठरले की त्यांचा प्रश्नही लहर ठरतो. आणि मराठी ख्रिस्ती माणूस आपल्याच इतिहासात कोणीतरी बाहेरून आणून ठेवलेला पाहुणा होतो. शाळेच्या पुस्तकातील 'फुलामुलांचे कवी' सर्वांना चालतात. मराठी भाषेत, मराठी माणसांच्या हाती चालणारी मंडळी मागणारे टिळक अडचणीचे वाटतात. आगगाडीची गोष्ट पुन्हा सांगितली जाईल तेव्हा तिच्या आधीचे नागपूर आणि नंतरचे नगरही सांगितले जावे.