समजले ते सांगता यावे

एखादा विषय आपल्याला समजला, असे विद्यार्थ्यास वाटते. पण तो खरोखरच समजला की नाही, हे ओळखावे कसे? धडा घडाघडा म्हणून दाखविल्याने ते कळत नाही. वर्गबंधूंपुढे उभे राहून तो स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, हीच त्याची खरी कसोटी होय.

समजा, ‘बी कसे रुजते’ या विषयावर एक मुलगा वर्गात बोलावयास उभा राहिला. “बी रुजण्यास पाणी, हवा व ऊब लागते,” हे घोकलेले वाक्य त्याने म्हटले. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आणि उजेड लागत नाही का?” मुलगा गांगरला, वर्ग हसला. आता तो खाली बसला, तर सारेच फुकट गेले. परंतु “मला ठाऊक नाही, पाहून सांगतो,” असे म्हणण्याचे धैर्य त्याने दाखविले, तर? घरी त्याने भिजविलेली मटकी दोन वाट्यांत घालून एक वाटी खिडकीत व दुसरी बंद कपाटात ठेवावी. दोन्हींतील मटकीला मोड येतील. मात्र काही दिवसांनी कपाटातील रोपे पिवळट व लेचीपेची दिसतील. रुजण्यास उजेड लागला नाही, पण हिरवेगार होऊन वाढण्यास तो हवाच, हे मग त्याला कायमचे उमजेल.

शिक्षक हेच अधिक चांगले सांगतील. मग मुलांनी वेळ का दवडावा, असे कोणी म्हणेल. त्याने मायकेल फॅरडे याचे उदाहरण पाहावे. लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला हा तरुण जिज्ञासू तरुणांच्या एका मंडळाचा सभासद झाला. तेथे सभासदच एकमेकांपुढे व्याख्याने देत. १८१६ साली फॅरडेही तेथे रसायनशास्त्रावर बोलू लागला. पुढे हाच थोर शास्त्रज्ञ झाला आणि १८२७ ते १८६० या काळात नाताळच्या दिवसांत त्याने मुलांसाठी १९ व्याख्यानमाला गुंफल्या. बरोबरीच्या श्रोत्यांपुढे केलेला सराव असा फळास आला.

मात्र बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यांवरही जबाबदारी असते. अडखळणाऱ्याला हसणे सोपे असते. नीट ऐकून योग्य प्रश्न विचारणे कठीण. एका हशाने एखाद्याचे तोंड कायमचे बंद होते, तर एका चांगल्या प्रश्नाने साऱ्या वर्गाचे ज्ञान वाढते. यांतील काय करावयाचे, हे प्रत्येक वर्गाने ठरवावयाचे असते.