आवाज ओळखीचा, पण माणूस?

२०१९ साली ब्रिटनमधील एका ऊर्जा कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला दूरध्वनी आला. जर्मनीतील मूळ कंपनीचे प्रमुखच बोलत आहेत, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तोच किंचित जर्मन वळणाचा उच्चार, तीच बोलण्याची लय. हंगेरीतील एका पुरवठादाराला तासाभरात २ लाख २० हजार युरो पाठवावेत, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. थोड्या वेळाने दुसरा फोन आला. मूळ कंपनीने ती रक्कम परत पाठवली आहे, असे त्यात सांगण्यात आले. तिसऱ्या फोनवर आणखी एका रकमेची मागणी झाली, तेव्हा मात्र परत आलेली म्हणून सांगितलेली रक्कम खात्यात दिसत नाही आणि फोन ऑस्ट्रियातील क्रमांकावरून येत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. दुसरी रक्कम वाचली. पहिली तोवर मेक्सिकोकडे आणि तेथून पुढे वळती झाली होती. तो आवाज संगणकाने घडवलेला होता, असे त्या कंपनीच्या विमेदारांनी नंतर सांगितले.

या अधिकाऱ्याला अखेर सावध केले ते कानांनी नव्हे, खात्यातील शिल्लकीने. कान तर तिन्ही वेळा फसले होते.

माणसाचा कान फसतो, मग हे काम यंत्राकडे सोपवावे, हा विचार स्वाभाविक आहे. आवाज ओळखणारी यंत्रणा शब्द ऐकत नाही, बोलणारा ऐकते. स्वरयंत्राची ठेवण, कंठाची लांबी, तोंड व नाकातील पोकळ्यांचा आकार यांमुळे प्रत्येकाच्या आवाजातील कंपनांची मांडणी निराळी होते. तिचे अंकांत रूपांतर करून एक ठसा साठवला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी ऐकलेला आवाज त्याच्याशी ताडला जातो. येथे बँकेतील नमुना सहीची आठवण व्हावी. पण फरक असा की यंत्र ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मुळात सांगतच नाही. ते साम्याचे प्रमाण सांगते. किती साम्य पुरेसे मानायचे, ही रेषा माणूस आखतो. रेषा वर नेली तर सर्दी झालेला प्रामाणिक कर्मचारीच दाराबाहेर राहतो. खाली आणली तर परका आत शिरतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा अद्याप कोणाला सापडलेली नाही.

सोय मात्र खरी आहे. परदेशांतील रुग्णालयांत परिचारिका गळ्यात लहानसे बोलयंत्र अडकवतात, गोदामांतील कामगार कानाला यंत्र लावून सूचना घेतात. हात मोकळे नसतात, हातमोजे चढवलेले असतात आणि एकच यंत्र पाळीपाळीने अनेकांकडे फिरते. अशा ठिकाणी बोटाचा ठसा किंवा परवलीचा शब्द टंकणे अवघड, बोलणे सोपे.

आपल्याकडेही आयसीआयसीआय बँकेने २०१५ मध्ये दूरध्वनीवरील ग्राहकांसाठी आवाजाची ओळख सुरू केली. ब्रिटनमध्ये एचएसबीसीने अशीच सेवा दिली होती. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने, तोही एकसारख्या न दिसणाऱ्या, त्याच्या आवाजाची नक्कल करून खात्यात प्रवेश मिळवला. सात प्रयत्न फसले, आठवा साधला. रोखपालाच्या खिडकीशी एकाच धनादेशावर सात वेळा चुकीची सही करणाऱ्या इसमाला आठवी संधी मिळाली असती काय? यंत्राच्या दोषापेक्षा त्याला दिलेली ही मुभा अधिक बोचते. पुढे २०२३ मध्ये एका पत्रकाराने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला स्वतःचाच आवाज ऐकवून ब्रिटनमधील दुसऱ्या बँकेतील आपले खाते उघडून दाखवले. तेथे नक्कल करणारा भाऊदेखील लागला नाही.

जुन्या बँकव्यवहारात यावर एक साधी तोड होती. तारेने रक्कम पाठवताना मजकुराबरोबर गुप्त संकेतांक जात असे. तार कितीही खरी भासली, तरी संकेतांक जुळल्यावाचून पैसे हलत नसत. तिजोरीच्या किल्ल्याही दोघांच्या ताब्यात असत, आणि त्यात कोणी कोणावर अविश्वास दाखवतो आहे असे मानले जात नसे.

घरच्या पेढीवर नेमकी हीच गोष्ट जड जाते. शेठजींचा आवाज ऐकून मुनीमजींनी उलट विचारणा करावी, हे अजूनही उद्धटपणाचे समजले जाते. वास्तविक ठरावीक रकमेच्या वरचा प्रत्येक आदेश, तो कोणाच्याही आवाजात आला तरी, आपल्या वहीत आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून पडताळावा, असा नियम खुद्द शेठजींनीच घालून द्यायला हवा. तसेच पडताळणीचा फोन आल्यावर त्यांनी रागावू नये. बहुतेक ठिकाणी नियम लिहिला जातो आणि या शेवटच्या अटीवर मोडतो.

दुसरी बाजू कर्मचाऱ्याची. परवलीचा शब्द चोरीस गेला तर नवा घेता येतो, कंठ बदलून मिळत नाही. ब्रिटनच्या कर खात्याने दूरध्वनी करणाऱ्यांचे आवाज पुरेशी संमती न घेता साठवले होते. २०१९ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी सुमारे ५० लाख नोंदी पुसून टाकण्यास भाग पाडले. आपला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो खरा, परंतु नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरण्यास तो संमतीविना वाव ठेवतो. तेव्हा नव्या नोकरीत रुजू होणाऱ्या मुलामुलींना कोणी यंत्रासमोर चार वाक्ये बोलायला सांगितली, तर त्यांनी ती जरूर बोलावीत. पण हा ठसा कोठे राहणार, कोण पाहणार, आवाज जुळला नाही तर दुसरी सोय काय आणि नोकरी सोडल्यावर तो किती दिवसांत पुसला जाणार, हे आधी लेखी मागून घ्यावे.