आघाडीच्या उमेदवारावर हल्ला: वार एकाचा, फायदा तिसऱ्याचा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होते, पण पक्षाचा उमेदवार कोण, हे त्याआधीच्या प्रायमरी आणि कॉकसमधून ठरतं. या टप्प्यात एखादा नेता पुढे निघाला की बाकीचे सगळे त्याच्यावर तुटून पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चित्र जरा वेगळं असतं. तो पडावा असं प्रत्येकाला वाटतं, मात्र पाडण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं, अशीही प्रत्येकाची इच्छा असते.

२०२८ मध्ये दोन्ही पक्षांना उमेदवार निवडायचा आहे आणि राज्यघटनेनुसार डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्षपदी निवडून येऊ शकत नाहीत. मैदान मोकळं असलं की गर्दी होते. अशा गर्दीत काय घडतं, हे समजून घ्यायला २००४ चं आयोवा सर्वांत उपयोगी.

हॉवर्ड डीन यांचं काय झालं?

२००३ च्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षात डीन यांची हवा होती. व्हरमाँट या छोट्या राज्याचे माजी गव्हर्नर, इराक युद्धाचे उघड विरोधक आणि इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करण्याचं, तेव्हा अगदी नवं असलेलं तंत्र. डिसेंबरात माजी उपाध्यक्ष अल गोर यांनीही त्यांना पाठिंबा दिला.

त्यानंतर काही दिवसांतच, १३ डिसेंबरला, सद्दाम हुसेन पकडला गेला. त्याच्या अटकेने अमेरिका अधिक सुरक्षित झालेली नाही, असं डीन म्हणाले आणि जॉन केरी, जो लिबरमन यांच्या हाती आयता मुद्दा आला. त्याच महिन्यात एका गटाने ओसामा बिन लादेनचं छायाचित्र वापरून डीन यांना परराष्ट्र धोरणाचा अनुभव नसल्याची जाहिरात चालवली. या गटामागे रिपब्लिकन नव्हते, डेमोक्रॅट्सच होते.

आयोवात सर्वांत नेटाने भिडले ते मिसुरीचे खासदार डिक गेपहार्ट. १९८८ मध्ये त्यांनी आयोवा जिंकलं होतं, कामगार संघटना त्यांच्या पाठीशी होत्या आणि या वेळी आयोवा गेलं तर त्यांच्यासाठी पुढे काहीच नव्हतं. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचा सरकारी आरोग्यविमा, या विषयावरची डीन यांची १९९५ ची भूमिका त्यांनी उकरून काढली. डीन यांनी उत्तरादाखल गेपहार्ट यांच्या इराक युद्धाच्या समर्थनावर जाहिराती केल्या. अनेक आठवडे हेच चाललं.

१९ जानेवारी २००४ चा निकाल: केरी सुमारे ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. दुसऱ्याच दिवशी गेपहार्ट स्पर्धेबाहेर पडले. (डीन बुडाले ते त्यांच्या गाजलेल्या आरोळीमुळे, असं अजूनही सांगितलं जातं. ती आरोळी निकालानंतरची आहे. तोवर ते तिसरे झाले होते.)

मतं तिसऱ्याकडे का गेली?

दोघांच्या लढतीत एकाचं नुकसान हा दुसऱ्याचा फायदा असतो. पाच-सहा जण असतील तर हे गणित चालत नाही. गेपहार्ट यांनी डीन यांच्याबद्दल शंका पेरली, पण शंकेत पडलेल्या मतदाराने गेपहार्ट यांच्याकडेच यावं असं कोणतंही बंधन नव्हतं.

त्यात आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसची पद्धत निराळी. शाळेत, चर्चमध्ये लोक जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या गटात उभे राहत. ज्या गटाला साधारण १५ टक्के माणसं मिळत नसत, त्यातल्या मंडळींना दुसऱ्या गटात जायची मुभा होती. म्हणजे दुसरी पसंतीही मोलाची. ज्याने तुमच्या आवडत्या नेत्यावर चिखलफेक केली, त्याच्या गटात जाऊन उभं राहायला कोण तयार होईल?

२०१६ मध्ये रिपब्लिकनांनी या गणिताचा भलताच अर्थ काढला. पाहण्यांत ट्रम्प पुढे होते, पण ते आपोआप कोसळतील आणि त्या वेळी समोर आपण एकटेच उरलो पाहिजे, असं बाकीच्यांना वाटत होतं. त्यामुळे ते एकमेकांवरच वार करत राहिले. जेब बुश यांच्या पाठीराख्या गटाने कोट्यवधी डॉलर मार्को रुबियो यांच्याविरोधात खर्च केले. ६ फेब्रुवारीच्या वादसभेत ख्रिस ख्रिस्ती यांनी, पाठ केलेली तीच ती वाक्यं बोलतात म्हणून, रुबियोंना सगळ्यांसमोर उघडं पाडलं. तीनच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये रुबियो पाचवे आले आणि ख्रिस्ती सहावे. जिंकले ट्रम्प. त्या महिन्याअखेरीस ख्रिस्ती यांनी ट्रम्प यांनाच पाठिंबा दिला.

पक्षाला त्याची किंमत मोजावी लागते का?

कधी कधी. एप्रिल १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या वादसभेत गोर यांनी मायकल डुकाकिस यांना मॅसॅच्युसेट्समधल्या कैद्यांच्या फर्लोबद्दल विचारलं. गोर तिथे तिसरे आले, तो विषय मात्र जिवंत राहिला. त्या वर्षीच्या मुख्य निवडणुकीत, फर्लोवरून परत न येता बलात्कार करणाऱ्या विली हॉर्टनचं प्रकरण रिपब्लिकन प्रचाराने डुकाकिस यांच्या गळ्यात बांधलं.

पण गप्प बसणं स्वस्त पडतं असंही नाही. २०२४ च्या शर्यतीत ट्रम्प यांच्यावर सातत्याने बोलणारे ख्रिस्तीच होते. १० जानेवारीला त्यांनी माघार घेतली. त्याच रात्री आयोवात निकी हेली आणि रॉन डिसँटिस एका मंचावर एकमेकांना खोटं ठरवत होते. ट्रम्प त्या वादसभेला आलेच नव्हते. पाच दिवसांनी आयोवात ट्रम्प यांना ५१ टक्के मतं मिळाली, डिसँटिस यांना २१, हेली यांना १९.

डिसँटिस बाहेर पडले आणि दोघंच उरले, तेव्हा कुठे हेली यांच्या टीकेला धार आली. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी ४३ टक्के मतं मिळवली. ट्रम्प यांना ५४ टक्के मिळाली होती.