बुरशीचाही शजरा असतो

आमचे घर कराड तालुक्यात, सासुरवाडी वाळव्याला. एक गाव सातारा जिल्ह्यात, दुसरे सांगलीत. पण दोन्हीकडे ऊस आणि दोन्हीकडे हुमणी. गेल्या वर्षी अब्बांनी मेटारायझियमची पाकिटे आणली. गुण आला नाही. अब्बा म्हणाले, "पावडरीत दम नाही, मास्तर." कबूल करतो, चूक आमची होती. ती पाकिटे आम्हीच मे महिनाभर पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. ती निर्जीव भुकटी नव्हे, जिवंत बुरशी आहे, हे ध्यानातच आले नाही.

या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, आत शिरतात. मेलेली अळी हिरवी पडते. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये ओडेसाकडे गव्हावरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर ती पाहिली. पुढे शंभर वर्षे तिची ओळख बीजाणूंच्या आकारावरून ठरे. पण दिसण्यावरून नाते कसे ठरणार? 2009 मध्ये डीएनए ताडून पाहिला, तेव्हा एकाच नावाखाली अनेक जाती निघाल्या.

नाते शोधायचा एक मार्ग तंतुकणिकेतून जातो. वर्गात आम्ही तिला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून शिकवतो. तिचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. माणसात तो 16,569 अक्षरांचा, तर मेटारायझियममध्ये साडेचोवीस हजारांहून थोडा अधिक. एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात, म्हणून वाचायला सोपा. दोन बुरशांच्या अक्षरांत फरक जितका कमी, तितके नाते जवळचे. घराण्याचा शजरा मांडावा तसेच हे! मात्र एवढ्यावर निकाल देत नाहीत. पेशीकेंद्रातील जनुकांचीही साक्ष घेतात.

या शजऱ्यात मेटारायझियमचे भाऊबंद कोण? बाजरीच्या कणसावरचा अरगट आणि गवताच्या आत राहणाऱ्या बुरशा! म्हणजे हे घराणे वनस्पतींच्या सहवासातले. मेटारायझियमही मुळांभोवती वस्ती करते. मारलेल्या किड्यातील नत्र ती रोपाला पोचवते, हे 2012 मध्ये प्रयोगाने दिसले.

म्हणून तिची जागा पानावर नाही, मुळाशी आहे. यंदा पाकिटावरची मुदत वाचून आणली, सावलीत ठेवली. पहिल्या पावसानंतर, अळ्या लहान असतानाच, कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत ओल्या मातीआड केली. सोबत बुरशीनाशक वापरले नाही. तेच तिला मारते.

परवा अब्बांनी एक बेट उपटून मुळे पाहिली. एक अळी हिरवी पडली होती. एका अळीवरून निकाल लावणार नाही, म्हणाले. आम्हीही तेच म्हणतो. पण पुढच्या वर्षीची पाकिटे कुठे ठेवायची, ती जागा त्यांनी आताच ठरवली आहे.